‘खेळण्याची जागा’ या रकान्यात काय लिहायचं?

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. मी सातपूरच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये कामाला आहे, राहायला सिडकोत. मुलगा अकरावीत आहे. आठवीपासून बेसबॉल खेळतो. पहिली दोन वर्षं तो शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या जागेला असायचा. या वर्षी प्रशिक्षकांनी त्याला पाच जागांवर खेळवलं. कोणी आलं नाही की याला तिथे उभं करतात. दिवाळीनंतरच्या निवड चाचणीचा फॉर्म भरायला बसलो, तर ‘खेळण्याची जागा’ या रकान्यापाशी तो थांबला. म्हणाला, “पप्पा, इथे काय लिहू?” मला सांगता आलं नाही. रात्री तो मोबाइलवर बेन झोब्रिस्ट नावाच्या अमेरिकन खेळाडूचे जुने सामने बघत बसतो. म्हणतो, हाही सगळीकडे खेळायचा. हा खेळाडू कोण? असं सगळीकडे खेळून कोणाचं करिअर होतं का, की माझा मुलगा कुठलाच राहणार नाही?
– एक वडील, सिडको, नाशिक

उत्तर : फॉर्मचं आधी सांगतो, कारण चाचणी कोणासाठी थांबत नाही. त्या रकान्यात ‘शॉर्टस्टॉप’ लिहा. एकच शब्द. ‘कुठेही’ लिहू नका आणि स्वल्पविराम देऊन तीन जागाही लिहू नका. निवड समिती जागेनुसार रांगा लावते, आणि ‘कुठेही’ लिहिणाऱ्याची रांगच नसते. शॉर्टस्टॉपच्या रांगेत मुलाचे हात, पाय आणि खांदा तिन्ही बघितले जातात. तिथे बरा दिसलेला मुलगा संघात आला की त्याला सेकंड बेसला, थर्डला, अगदी आउटफिल्डला, म्हणजे मागच्या मैदानातल्या लेफ्ट, सेंटर, राइट फील्डलाही नेता येतं. राइट फील्डच्या रांगेतून निवडला गेला आणि मग शॉर्टस्टॉपला गेला, असा मुलगा मी एकतीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.

आता झोब्रिस्ट. तुमच्या मुलाने बघायला फार चांगला खेळाडू निवडला आहे. पण मोबाइलवर सापडतात ते त्याचे शेवटचे, जिंकलेले सामने. आधीची वर्षं तिथे दिसत नाहीत आणि मुलाच्या कामाची तीच आहेत.

इलिनॉय राज्यातल्या युरेका या लहान गावातला हा मुलगा, जन्म १९८१ चा. वडील चर्चमध्ये पाद्री. शाळा संपली तेव्हा त्याला कोणत्याही मोठ्या कॉलेजचं बोलावणं नव्हतं. वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतले ५० डॉलर भरून तो घराजवळच्या एका निवड शिबिराला गेला. तिथे ऑलिव्हेट नाझरीन या छोट्या ख्रिस्ती विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने त्याला पाहिलं आणि घेतलं. पुढे तो डॅलस बॅप्टिस्ट विद्यापीठाकडून खेळला. २००४ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सहाव्या फेरीत निवडलं, तेही शॉर्टस्टॉप म्हणून. ‘सगळीकडचा’ म्हणून त्याला कोणी निवडलेलं नव्हतं. फॉर्मबद्दल मी एवढा आग्रह धरला तो यासाठीच.

२००६ मध्ये त्याला टाम्पा बेच्या संघाकडे पाठवण्यात आलं आणि १ ऑगस्टला तो पहिला मोठा सामना खेळला. पुढचं वर्ष वाईट गेलं. २००७ मध्ये ९७ संधींत फटके १५. बेसबॉलमध्ये शंभरातले पंचवीस लागले की खेळाडू तग धरतो, त्यामुळे पंधरावाला परत खालच्या लीगमध्ये जातो. तोही गेला. वय सव्वीस, हातात शॉर्टस्टॉपची जागा नाही, बॅट चालत नाही. त्या हिवाळ्यात त्याने बॅट फिरवण्याची पद्धत मुळापासून बदलली, एका स्विंग प्रशिक्षकाकडे बसून. २००८ मध्ये ६२ सामन्यांत १२ होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) आले. त्याआधीच्या दोन वर्षांत मिळून तीन होते.

आता संघाचे व्यवस्थापक जो मॅडन यांच्यापुढे पेच आला. बॅट इतकी चांगली, की मुलाला बाहेर बसवता येत नाही. शॉर्टस्टॉपला दुसरा पक्का, सेकंड बेसलाही दुसरा पक्का. म्हणून ते त्याला जिथे जागा रिकामी दिसेल तिथे उतरवू लागले. २००९ मध्ये सेकंड बेसचा खेळाडू गुडघा दुखावून बसला, तेव्हा ती जागा बऱ्याचदा याने सांभाळली, बाकीच्या दिवशी राइट फील्ड आणि इतरत्र. त्या मोसमात २७ होमरन, सरासरी .२९७ (शंभर संधींत जवळपास तीस फटके) आणि पहिल्यांदा ऑल स्टार, म्हणजे मोसमातल्या निवडक उत्तम खेळाडूंत. म्हणजे जागा बदलणं त्याच्या वाट्याला आलं ते बॅट चालली म्हणून. आपल्याकडे हे उलटं समजलं जातं. पोराची बॅट चालत नाही, तर निदान सगळीकडे उभा तरी राहील, असा हिशोब करतात. त्या हिशोबाने कोणीही वर गेलेलं नाही.

मोठ्या संघांना असा माणूस का लागतो, तेही मुलाला समजावा. अमेरिकेत एका मोसमात १६२ सामने होतात, सहा महिन्यांत, जवळजवळ रोज. झोब्रिस्टच्या काळात संघात २५ खेळाडू ठेवता येत. त्यातले बारा-तेरा पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारे. मैदानावरचे आठ आणि त्यांच्या लीगमध्ये पिचरच्या बदल्यात फक्त बॅटिंग करणारा एक, असे नऊ वजा केले की बाकावर तीन-चारच उरतात. त्यातला एक कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारा, राखून ठेवावाच लागतो. मग उरलेल्या दोन-तीन माणसांत सगळ्या आजारपणांची, दुखापतींची, विश्रांतीची सोय बघायची. पाच जागा खऱ्याखुऱ्या सांभाळणारा एक माणूस असेल, तर व्यवस्थापकाला बाकावर आणखी एक जागा मोकळी मिळते. शिवाय झोब्रिस्ट दोन्ही बाजूंनी बॅटिंग करायचा, त्यामुळे समोर डावखुरा पिचर असो की उजवा, त्याला बदलायची वेळ येत नसे.

२०१५ मध्ये तो आधी ओकलंडला गेला, मग मोसमाच्या मध्यावर कॅन्सस सिटी रॉयल्सकडे. तिथे लेफ्ट फील्डचा माणूस जखमी होता, म्हणून आधी तिथे खेळला. तो बरा होऊन आला तेव्हा हा सेकंड बेसला गेला. त्या वर्षी रॉयल्स ३० वर्षांनी विजेते झाले. त्यानंतर शिकागो कब्जने त्याच्याशी चार वर्षांचा ५ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. तेव्हा त्याचं वय चौतीस. कब्जचे व्यवस्थापक तेच, जो मॅडन.

२०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या विजेतेपदाच्या मालिकेचा सातवा सामना तुमच्या मुलाला पाठ असणार, तरी तुमच्यासाठी सांगतो. कब्ज १९०८ नंतर एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकले नव्हते. १०८ वर्षं. क्लीव्हलंडमधला तो सामना नऊ डावांनंतर ६-६, आणि मग पाऊस. १७ मिनिटं खेळ थांबला. दहाव्या डावात कब्जचा धावपटू सेकंड बेसवर पोहोचला. क्लीव्हलंडने अँथनी रिझोला मुद्दाम चार बॉल देऊन फर्स्ट बेसवर चालत जाऊ दिलं. पुढे झोब्रिस्ट आला. त्याने डाव्या बाजूने उभं राहून बॉल थर्ड बेसच्या पलीकडे, लेफ्ट फील्डच्या रेषेला लागून काढला. डबल, म्हणजे एका फटक्यात सेकंड बेसपर्यंत. कब्ज पुढे गेले आणि ८-७ ने जिंकले. मालिकेत त्याची सरासरी .३५७, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला.

आता मुलाला विचारा, त्या मालिकेत तो कुठल्या जागेवर खेळत होता? लेफ्ट फील्ड. त्याच वर्षी जुलैमध्ये ऑल स्टार सामन्यात तो सेकंड बेसचा पहिला खेळाडू होता. पण संघात हाव्हिएर बाएझ हा तरुण सेकंड बेसला त्याच्याहून चपळ होता, म्हणून शेवटच्या टप्प्यात ती जागा बाएझला आणि याला आउटफिल्ड. देशातल्या उत्तमांत गणला गेलेल्या माणसाने आपली जागा सोडली आणि दुसरीकडे जाऊन मालिका जिंकून दिली. मला झोब्रिस्टमधलं सगळ्यात मोठं हेच वाटतं, होमरनपेक्षाही. २०१८ मध्ये सदतिसाव्या वर्षी त्याची सरासरी .३०५ होती. २०१९ च्या अखेरच्या दिवसांत त्याने एक डाव पिचिंगही केलं. मोठ्या लीगमध्ये कॅचर सोडून सगळ्या जागा झाल्या.

एक सावधगिरी. ८ सप्टेंबर १९६५ रोजी बर्ट कॅम्पानेरिस नावाचा क्यूबन खेळाडू एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळला. संघमालकाला प्रेक्षक हवे होते म्हणून तो कार्यक्रम ठरवलेला होता. शेवटच्या जागेवर, कॅचर असताना, धावपटूशी टक्कर होऊन तो जखमी झाला. कॅम्पानेरिस पुढे सहा वेळा ऑल स्टार झाला, तो शॉर्टस्टॉप म्हणून. ती एक संध्याकाळ मोठी गमतीची असेल, पण सोळा वर्षांच्या मुलाच्या खांद्याची तशी गंमत करू नये. पिचिंग आणि कॅचिंग या दोन जागा आलटून पालटून एकाच मुलाकडून एकाच आठवड्यात करून घेत असतील, तर तिथे मात्र स्पष्ट नाही म्हणा. दोन्हीकडे थ्रोची संख्या प्रचंड असते आणि वाढत्या वयातला कोपर ती सोसत नाही.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो.

मी शाळेत सॉफ्टबॉल शिकवायचो. एक मुलगा होता, आडगावकडून सायकलवर यायचा. जिथे उभं करीन तिथे उभा राहायचा. कोणी गैरहजर असलं की मी नुसता हात दाखवायचो आणि तो धावत तिथे जायचा. मला त्याचा अभिमान होता. इतर शिक्षकांना सांगायचो, हा माझा हुकमी एक्का आहे. त्याला कधी सांगितलं नाही. सामन्याआधी त्याला आज कुठे आहेस हेही सांगत नव्हतो, कारण मलाच पोरं जमेपर्यंत माहीत नसायचं. जिल्ह्याच्या स्पर्धेआधी त्याने मला विचारलं होतं, “सर, मी राखीव आहे का?” मी हसून म्हणालो, “तू सगळीकडचा आहेस रे.” दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मैदानावर आला नाही.

खूप वर्षांनी पंचवटी कारंजापाशी भेटला. भाजीचा टेम्पो आहे त्याचा. मी होऊन विषय काढला. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, मला कायम उरलेला ग्लोव्ह मिळायचा.” बाकीच्यांनी आपापले उचलले की पेटीत जो राहील तो. कधी पंजा आत पोहोचायचा नाही, कधी उजव्या हाताचाच निघायचा. मी त्या पेटीचं कुलूप रोज स्वतःच्या हाताने उघडत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

म्हणून तुम्ही प्रशिक्षकांना भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका, ते बहुतेक माझ्यासारखेच असतील, मुलावर विश्वास आहे म्हणूनच त्याला हलवत असतील. दोन गोष्टी मागा. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाला कळू दे की उद्या कुठे आहे. आणि सरावात प्रत्येक दिवशी पहिला अर्धा तास त्याला शॉर्टस्टॉपलाच ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे बॉल मिळू देत, नंतर हवं तिथे न्या. हे मान्य झालं तर पाच जागा खेळण्यात मुलाचं भलंच आहे.

मुलालाही काम आहे. शॉर्टस्टॉपला बॉल आणि बेस दोन्ही समोर दिसतात. सेकंड बेसला डबल प्ले (एकाच बॉलवर दोघांना बाद करणं) करताना धावपटू पाठीकडून येतो, त्यामुळे बॉल घेण्याआधी पाय कुठे पडणार हे ठरलेलं हवं. थर्डला विचार करायला वेळच नाही, तिथे छाती पुढे करावी लागते. आउटफिल्डला पहिलं पाऊल मागे टाकायची सवय लागावी लागते, इनफिल्डच्या मुलांना ते जड जातं कारण त्यांचं अंग पुढे झेपावायला शिकलेलं असतं. वहीत प्रत्येक जागेचं एक पान करू दे. कुठे चुकलं ते त्याच रात्री लिहायचं. तुमच्या टूल रूममध्ये लेथ, मिलिंग आणि ग्राइंडिंग तिन्ही येणारा कारागीर असेल. तो प्रत्येक मशिनवर नवशिक्याइतकंच लक्ष देऊन सेटिंग करतो की ‘येतं मला’ म्हणून चालू करतो, हे तुम्ही रोज बघता. मुलाला एकदा नेऊन दाखवा, माझ्या सांगण्यापेक्षा ते लवकर कळेल.

करिअरचं विचारलंत. झोब्रिस्टसारखा पैसा आपल्याकडे या खेळात नाही आणि मुलाला तसं सांगून टाका. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेचं कोणतं प्रमाणपत्र चालतं, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन लेखी घ्या, कोणाच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. बारावीचा अभ्यास सोडू देऊ नका. आणि निवड झाली नाही तरी त्याला मैदानावरून काढू नका, एवढी माझी विनंती आहे.

प्रश्न : मी सॉफ्टबॉल खेळते, उजव्या हाताने बॅटिंग करते. बाई म्हणतात डाव्या बाजूनेही शीक. सतराव्या वर्षी जमेल का?
– एक खेळाडू, ओझर

उत्तर : बेटा, तू धावायला वेगवान आहेस का, ते लिहिलं नाहीस. सगळं त्यावर आहे. डाव्या बाजूने उभी राहिलीस तर फर्स्ट बेस दोन पावलं जवळ येतो. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट, तुमच्या सॉफ्टबॉलमध्ये ६०. म्हणजे तुला त्या दोन पावलांचा फायदा जास्त. वेगवान असशील तर डाव्या बाजूने आधी बंट (बॅट न फिरवता बॉल हलकेच समोर टाकणं) शीक, मग धावता धावता बॉल नुसता ढकलायचा तो स्लॅप. जोरदार फटका तुझा उजव्या बाजूचाच राहू दे. दोन्हीकडून पूर्ण बॅटिंग शिकायला वर्षानुवर्षं जातात, या वयात दोन्ही अर्धवट राहण्याची भीती आहे. सहा महिने फक्त टीवर (सरावाच्या उभ्या दांड्यावर) बॉल ठेवून आणि हळू बॉलवर कर, सामन्यात आणू नकोस. थ्रो उजव्याच हाताने. आणि वेगवान नसशील तर बाईंना नम्रपणे सांग की मला आहे तीच बाजू पक्की करायची आहे.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा, डावखुरा. शिबिरासाठी ग्लोव्ह घ्यायचा आहे. दुकानदार मोठा घ्या म्हणतो, वाढत्या अंगाचा.
– एक आई, जेल रोड, नाशिकरोड

उत्तर : ताई, मोठा मुळीच घेऊ नका. बूट वाढत्या मापाचे चालतात, ग्लोव्ह नाही. हातात सैल बसला की बॉल आत येऊन बाहेर पडतो आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. दहा वर्षांच्या मुलाला साधारण साडेदहा ते अकरा इंचाचा पुरतो. मोठ्या माणसांत इनफिल्डला साडेअकराच्या आसपास आणि आउटफिल्डला साडेबारा इंच वापरतात. तो डाव्या हाताने फेकत असेल तर ग्लोव्ह उजव्या हातात बसणारा हवा, दुकानात हे दोनदा सांगा आणि मुलाला घालून बघू द्या. डाव्या हाताने फेकणाऱ्याला शॉर्टस्टॉप, सेकंड, थर्ड या जागा अवघड जातात, कारण फर्स्ट बेसला फेकायला अंग पूर्ण फिरवावं लागतं. पण फर्स्ट बेस, पिचिंग आणि आउटफिल्ड त्याला मोकळं आहे, आणि फर्स्ट बेसला तर डावखुरा मुद्दाम शोधतात.

नवा ग्लोव्ह कडक असतो. रोज संध्याकाळी आत बॉल ठेवून दोरीने बांधून ठेवा, पंधरा दिवसांत मऊ पडेल. पावसात भिजला तर गॅलरीतल्या उन्हात टाकू नका, चामडं तडकतं. फडक्याने पुसून, आत बॉल ठेवून, पंख्याखाली सावलीत वाळू द्या.